घरपट्टी नेमकी कुठे ठरते?

मार्च महिना जवळ आला की छोट्या शहरांतून दोन बातम्या हमखास येतात. पहिली, 'नगरपरिषदेचे शिलकी अंदाजपत्रक मंजूर, कोणतीही करवाढ नाही'. दुसरी, 'वाढीव घरपट्टीविरोधात नागरिकांचा मोर्चा'. या दोन बातम्या एकाच गावच्या आणि एकाच वर्षाच्या असू शकतात, आणि दोन्ही खऱ्याही असू शकतात. करवाढ नाही म्हणणाऱ्याने दर वाढवलेला नसतो आणि मोर्चेकऱ्याच्या हातातले बिल खरोखरच वाढलेले असते. कराचा दर म्हणजेच कर, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की निवडणुकीतली आश्वासने, सभागृहातली भाषणे आणि चौकातल्या चर्चा सगळ्या त्या एका टक्केवारीभोवती फिरतात. प्रत्यक्षात घरपट्टीचा भार दरापेक्षा मूल्यनिर्धारणात ठरतो, तिचे उत्पन्न वसुलीत ठरते आणि तिचा उपयोग अंदाजपत्रकात. या तिन्ही ठिकाणी नागरिकाला कायद्याने जागा दिली आहे, आणि या तिन्ही ठिकाणी तो सहसा गैरहजर असतो.

आधी बिल कसे वाढते ते पाहू. नगरपरिषदांना लागू असलेल्या 1965 च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार, भाडेमूल्यावर आधारलेल्या पद्धतीत घराला वर्षाला वाजवी भाडे किती येईल हे ठरवले जाते. त्यातून दुरुस्ती आणि इतर सगळ्या खर्चापोटी 10 टक्के वजा होतात. उरते ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर कराचा दर लागतो. उदाहरणादाखल, एखाद्या घराचे वाजवी भाडे महिना 2,000 रुपये धरले तर वर्षाचे 24,000 झाले. 10 टक्के वजा जाता करयोग्य मूल्य 21,600 रुपये. दर 25 टक्के धरला तर कर 5,400 रुपये. आता दर तोच ठेवून फेरआकारणीत भाडे महिना 3,000 रुपये धरले की कर 8,100 रुपयांवर जातो. सभागृहात कोणीही करवाढीचा ठराव मांडलेला नाही, तरी बिल दीडपट झाले. भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्यावर आकारणी करण्याचा पर्यायही कायद्यात आहे. मुंबई महापालिकेने तो 2010 पासून स्वीकारला. तिथेही तत्त्व तेच: आधी मूल्य, मग दर.

म्हणून 'नगरसेवकांनी घरपट्टी वाढवली' किंवा 'नगराध्यक्षांनी एक ठराव करून ती रद्द करावी' ही दोन्ही वाक्ये बहुतेक वेळा चुकीच्या दारावर थाप मारतात. दर राज्य शासनाने आखून दिलेल्या मर्यादेतच ठेवावा लागतो आणि मूल्य ठरवण्याचे काम प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याचे असते. दर चार वर्षांनी नवी आकारणी यादी तयार व्हावी, असे कायदा सांगतो. ती यादी प्रसिद्ध करावी लागते, हरकतींसाठी किमान 30 दिवस द्यावे लागतात, सुनावणी घ्यावी लागते, आणि त्यानंतरही अपिलाची सोय आहे. मोर्चा निघतो तो मात्र हे 30 दिवस उलटून गेल्यावर, बिले घरोघरी पोचल्यानंतर. यादी उघडी असताना तिथे जाऊन पाहण्यासारखे पुष्कळ असते. आपल्या घराचे क्षेत्रफळ बरोबर लिहिले आहे का, पत्र्याच्या खोलीला आरसीसी तर म्हटलेले नाही ना, राहत्या घराचा वापर व्यापारी तर दाखवला नाही ना. इतकेच नव्हे, तीच यादी हेही दाखवते की मुख्य रस्त्यावरचे तीन मजली संकुल अजून एकमजली म्हणून नोंदलेले आहे का. कोणाची तरी नोंद कमी राहिली, तर तो बोजा ज्यांच्या नोंदी बिनचूक आहेत त्यांच्यावर येतो. फेरआकारणी वर्षानुवर्षे पुढे ढकलणे हे लोकांवर उपकार केल्यासारखे दिसते, पण त्याने जुन्या-नव्या घरांतली तफावत रुंदावते आणि कधीतरी ती एकदम भरून काढताना सामान्य कुटुंबाला धक्का बसतो. वेळेवर, थोडी थोडी होणारी फेरआकारणी हीच खरी लोकाभिमुख आकारणी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा मोठा गैरसमज अंदाजपत्रकाच्या आकड्याचा. पन्नास-साठ कोटींचे अंदाजपत्रक वाचून 'एवढा पैसा असताना आमच्याकडून चार-पाच हजार कशाला' असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या आकड्यात आरंभीची शिल्लक असते, कंत्राटदारांच्या परत द्यायच्या अनामती असतात, कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापून दुसरीकडे भरायच्या रकमा असतात, आणि सर्वांत मोठा भाग असतो तो विशिष्ट योजनांसाठी आलेल्या किंवा येणे अपेक्षित असलेल्या निधीचा. राज्याच्या नगरोत्थान योजनेतून रस्त्यासाठी मंजूर झालेला पैसा दिवाबत्तीच्या वीजबिलाला वापरता येत नाही. पाणीपुरवठा योजनेचा निधी गटारसफाईच्या मजुरीला चालत नाही. म्हणून 'शिलकी' हा शब्द श्रीमंतीचा पुरावा नव्हे. अंदाजपत्रक वाचायचे तर एकूण आकडा बाजूला ठेवून महसुली जमेची पाने काढावीत, आणि त्यातही चालू वर्षाच्या अंदाजाशेजारचा गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष जमेचा रकाना पाहावा. घरपट्टीचा अंदाज दरवर्षी फुगवलेला आणि प्रत्यक्ष जमा दरवर्षी बरीच खाली, असे दिसले तर शिल्लक कागदावरची आहे, हे तिथेच समजते.

मग 'सरकार अनुदान देतेच, घरपट्टीवर काय अडले आहे?' हा प्रश्न येतो. एके काळी छोट्या नगरपरिषदांचा खर्चाचा गाडा जकातीवर चालत असे. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या बदल्यात राज्याचे सहायक अनुदान आले. अनेक ठिकाणी ते पगारातच संपते. केंद्राचा पैसा वित्त आयोगाच्या शिफारशीने येतो. 2021 ते 2026 या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून लहान शहरांच्या अनुदानातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेशी बांधून टाकला. शिवाय अट घातली की राज्याने मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत, आणि पुढे कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या गतीने वाढत राहावी. म्हणजे घरपट्टी अडली की अनुदानही अडू शकते. राज्याच्या योजनांतही नगरपरिषदेला स्वहिस्सा भरावा लागतो. तेव्हा अनुदान हा घरपट्टीला पर्याय नाही. घरपट्टीचे महत्त्व तिच्या रकमेहून मोठे आहे ते याच कारणाने: कुठल्या गल्लीत आधी दिवे लावायचे, वाचनालय सुरू ठेवायचे की नाही, हे मुंबई-दिल्लीला न विचारता ठरवता येईल असा जो थोडा पैसा गावाकडे असतो, त्यातला मोठा वाटा हिचा आहे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की 'चार दिवसांआड पाणी, रस्त्यात खड्डे, मग कर का द्यायचा? आधी सुविधा, मग पैसे.' हा संताप खोटा नाही, आणि त्याला कायद्याचे कलम दाखवून गप्प करणे मला पटत नाही. तरी कायदा काय आहे ते माहीत असावे. कर आणि शुल्क यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या शिरूर मठ खटल्यातच स्पष्ट केला: शुल्क विशिष्ट सेवेच्या बदल्यात असते, कर तसा नसतो. पाणी आले नाही तर पाणीपट्टीबद्दल भांडता येते, पण त्या कारणाने घरपट्टी नाकारता येत नाही. नाकारलीच तर थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. वर काढलेल्या 5,400 रुपयांवर ती महिन्याला 108 आणि वर्षाला 1,296 रुपये होते. आणि व्यवहार असा की कर थांबवल्याने जो अधिकारी किंवा नगरसेवक हलायला हवा, तो हलत नाही. थांबते ते पंपाच्या दुरुस्तीचे काम. दबाव आणायचा तर तो खर्चाच्या बाजूने आणायला हवा. अंदाजपत्रकात गेल्या वर्षी दाखवलेल्या कामांपैकी किती झाली, महिला व बालकल्याण आणि दिव्यांगांसाठी राखून ठेवलेली रक्कम खरोखर खर्ची पडली का, हे प्रश्न सभागृहाच्या पटलावर आले की उत्तरे द्यावी लागतात. डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधीच्या प्रशासकाच्या काळात असे प्रश्न विचारायला वॉर्डाचा माणूस सभागृहात नव्हता. आता तो आहे.

काही लहान गैरसमज थोडक्यात. बिलावरची सगळी रक्कम नगरपरिषदेची नसते. शिक्षण कर आणि बिगरनिवासी इमारतींवरचा रोजगार हमी कर 1962 च्या कायद्यानुसार राज्यासाठी गोळा केले जातात. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मिळालेली माफी बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीतली आहे, तुमच्या-आमच्या नगरपरिषदेला ती आपोआप लागू होत नाही. घरपट्टी भरली म्हणून अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही, आणि आकारणी उताऱ्यावर नाव लागले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. ती नोंद कोणाकडून कर घ्यायचा यासाठी असते.

राहिली वसुली. समजा, एका नगरपरिषदेची वर्षाची मागणी 2 कोटी रुपये आहे आणि वसुली 60 टक्के, म्हणजे 1 कोटी 20 लाख. दर 10 टक्क्यांनी वाढवला आणि वसुलीचे प्रमाण तेच राहिले, तर हाती येतात 1 कोटी 32 लाख. दराला हातही न लावता वसुली 80 टक्क्यांवर नेली, तर 1 कोटी 60 लाख. पहिल्या मार्गात वाढीचा भार फक्त प्रामाणिकपणे भरणाऱ्यांवर पडतो. 2016-17 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत उपग्रहांच्या चित्रांवरून अंदाज बांधला होता की बंगळूर आणि जयपूर ही शहरे संभाव्य मालमत्ता कराच्या 5 ते 20 टक्क्यांहून अधिक गोळा करत नाहीत. मोठ्या शहरांची ही गत असेल तर छोट्या गावात करवाढीचा प्रस्ताव आला की सभागृहाने आधी दोन कागद मागावेत: मोठ्या थकबाकीदारांची वॉर्डनिहाय यादी, आणि आकारणी न झालेल्या किंवा वापर बदललेल्या मालमत्तांचा ताजा सर्वेक्षण अहवाल. हे दोन कागद पटलावर ठेवल्याशिवाय दराच्या ठरावावर मतदान होऊ नये.