सरहद्दीपार ट्रॉली नेताना

कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटकाची हद्द लागते. माती तीच, ऊस तोच, आणि पुष्कळ ठिकाणी भाऊबंदही तेच. एकाच घराण्याची काही जमीन अलीकडे सातबाऱ्यावर तर काही पलीकडच्या उताऱ्यावर असल्याची उदाहरणे आम्ही महसुली नोकरीत कितीतरी पाहिली. अशा शेतकऱ्यास मळणी यंत्र ट्रॉलीवर चढवून हद्दीपार नेणे म्हणजे एका रानातून दुसऱ्या रानात जाण्यासारखे वाटते. ट्रॅक्टरची कागदपत्रे तो बरोबर घेतो. ट्रॉलीच्या कागदांची आठवण त्यास क्वचितच होते.

वास्तविक १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलर हेही वाहनच होय. त्याची नोंदणी निराळी, क्रमांक निराळा. एका राज्यातील नोंदणी साऱ्या देशात चालते. मात्र वाहन परराज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील क्रमांक घ्यावा लागतो. कागद डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. विमापत्रात ट्रॉलीचा क्रमांक लिहिला आहे किंवा नाही, हे मात्र घरून निघण्यापूर्वीच वाचून पाहावे.

विम्याचा विषय निघालाच आहे तर थोडे विस्ताराने सांगतो. ट्रॉलीवर यंत्र असते, यंत्राभोवती चार मजूर बसतात, वाटेत ओळखीचा कोणी भेटला तर तोही चढतो. भाजीपाला घेऊन ट्रॉलीतून निघालेल्या एका विक्रेत्याच्या मृत्यूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता, सबब विमा कंपनी जबाबदार नाही, असा निर्णय २००४ साली झाला. अशा वेळी भरपाईचा बोजा मालकावर येतो, आणि मालकाजवळ जमिनीवाचून दुसरे काय असते? मजुरांस एस.टी.ने पुढे पाठवावे. तिकिटाचे पैसे वाचवण्यात शहाणपणा नाही.

वजनाविषयी २०१९ च्या दुरुस्तीने कायदा कडक झाला आहे. जादा वजनास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये दंड सांगितला आहे. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे नेता येत नाही. माल बाजूस, मागे अथवा वर बाहेर आला तरीही २०,००० रुपयेच. पंजाबातून येणारे हार्वेस्टरवाले आपला रुंद कटर सोडवून यंत्राच्या मागे लांबीत ओढून आणतात, ते उगीच नव्हे.

आता रस्त्यावरील धोक्याकडे वळू. आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांस स्वतःचा ब्रेक नसतो. ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली थांबू पाहत नाही. ती मागून लोटते आणि उतार असेल तर ट्रॅक्टरला आडवा फिरवते. शेतात वळण्याच्या सोयीसाठी ट्रॅक्टरचे दोन ब्रेक वेगवेगळे दाबता येतात. रस्त्यावर येताच त्यांची जोडकडी लावली पाहिजे. न लावल्यास पाय एकाच पेडलवर पडतो आणि ट्रॅक्टर एका अंगास ओढला जातो. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गिअर काढून टाकण्याची खोड अनेकांस असते. तिच्यासारखी घातक खोड नाही. चढ ज्या गिअरात चढलो असतो, त्याच गिअरात उतरावे. वेग दुपटीने वाढला की थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते, हे तरुण चालकांस कोणी सांगत नाही.

ट्रॉली ड्रॉबारलाच जोडावी, वरच्या लिंकला कधीही नव्हे. उंचावरून ओढ बसली की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात. पिनेस खालून खिट्टी असावी, शिवाय एक साखळी असावी. यंत्राचे वजन सारे मागच्या टोकास पडू देऊ नये.

मागील दिव्याची गोष्ट लिहिताना हात जड होतो. आमच्या परिचयाचा एक शेतकरी मळणी यंत्र घेऊन रात्री परत येत होता. ट्रॉलीस ना दिवा, ना चकाकणारी पट्टी. मागून मोटारसायकलवर आलेल्या तरुणास ती दिसलीच नाही. तो वाचला, पण पाय गेला. पट्टीचा खर्च तो किती असणार! दिवा जोडावा, चिखलाने माखलेली पट्टी निघताना पुसून घ्यावी, आणि होता होईल तो प्रवास दिवसाच उरकावा.

वाटेत चाक पंक्चर झाले तर गाडी कडेस घेऊन चाकामागे दगड लावणे व मागे काही अंतरावर खूण ठेवणे योग्यच आहे. परंतु काम झाल्यावर चालक आनंदाने निघून जातो आणि दगड रस्त्यावर तसेच राहतात. अंधारात पुढच्या वाटसरूस ते दिसत नाहीत. ते उचलून बाजूस टाकल्याखेरीज ट्रॅक्टर सुरू करू नये.