सीमाभागातील बोली आणि व्याकरणिक नोंदींचा प्रश्न

प्रस्तावना : जगातील भाषांच्या व्याकरणिक विविधतेचा तौलनिक अभ्यास प्रामुख्याने उपलब्ध व्याकरणग्रंथांवर उभा असतो. २००५ मध्ये जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या भाषारचनांच्या जागतिक नकाशासंग्रहातही एका व्याकरणविशेषासाठी एका भाषेची सामान्यतः एकच नोंद आढळते. अशा नोंदीत बोलीचे रूप कितपत येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कुपवारचा अभ्यास : या संदर्भात जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ चा लेख महत्त्वाचा ठरतो. ‘कुपवार’ या नावाने त्यात आलेले सुमारे ३,००० वस्तीचे गाव सांगली जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. तेथे कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू भाषक पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहत आले. घरात स्वतःची भाषा आणि इतरांशी बहुधा मराठी, असा व्यवहार होता. परिणामी शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना जवळ आली.

‘हे माझे घर आहे’ या वाक्यासाठी प्रमाण कन्नडमध्ये ‘इदु नन्न मने’ एवढेच पुरते. ‘आहे’ची गरज नसते. कुपवारच्या कन्नडमध्ये मात्र मराठीप्रमाणे शेवटी क्रियापद येते. उलट, ‘नदी’ हा शब्द प्रमाण उर्दूत स्त्रीलिंगी असला, तरी गावच्या उर्दूत त्याचे क्रियापद पुल्लिंगी होते. अप्राणिवाचक नामांना स्त्रीलिंग न देण्याची ही प्रवृत्ती कन्नडच्या वळणाची आहे. म्हणजेच देवाणघेवाण एकाच दिशेने झालेली नाही.

नोंदींच्या मर्यादा : ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात बोलींचे नमुने मुख्यतः एकाच ठरावीक कथेच्या भाषांतरातून मिळवलेले होते. कोण कोणाशी कोणती भाषा बोलतो, हे त्यातून समजत नाही. अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या प्रकल्पात मराठी बोलींचे ध्वनिमुद्रण झाले. हे कार्य मोलाचे आहे. तथापि त्याचा विषय मराठी असल्याने सीमाभागातील कन्नड व उर्दू त्याच्या कक्षेबाहेर राहतात. महाराष्ट्रातील कन्नड बोली अशा रीतीने दोन्ही राज्यांच्या प्रमाणभाषांच्या कडेला पडते.

निष्कर्ष : १९६० नंतर शिक्षण व प्रशासनात मराठीचे स्थान बळकट झाले. त्यामुळे कुपवारसारख्या गावांतील भाषासंतुलन १९७१ च्या वर्णनाप्रमाणे राहील, असे गृहीत धरता येत नाही. शिरोळ, हातकणंगले, गडहिंग्लज या तालुक्यांतील महाविद्यालयांत दोन-तीन भाषा सहज बोलणारे विद्यार्थी असतात. त्यांच्या घरातील ज्येष्ठांचे संभाषण ध्वनिमुद्रित करून त्याचे व्याकरणिक विश्लेषण करणे, हा भाषा विभागांचा संयुक्त प्रकल्प होऊ शकतो. ज्येष्ठांची पिढी आहे तोवरच ही सामग्री मिळेल. म्हणून हे काम तातडीने हाती घेणे आवश्यक आहे.