लेखकाला विचारलेले प्रश्न : ‘वन पीस’मधील वाचक-स्तंभाविषयी

साहित्यकृतीच्या बाहेर लेखक जे बोलतो त्याचे समीक्षेने काय करावे, हा वाद जुना आहे. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली असे मांडले की लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही. रोलाँ बार्त यांनी १९६७ साली एक पाऊल पुढे जाऊन लेखकाच्या मृत्यूचीच घोषणा केली. सामान्य वाचकाने मात्र या दोन्ही निर्णयांची फारशी दखल घेतलेली नाही. एखाद्या पात्राने अमुकच का केले, ते पात्र पुढे कोठे गेले, त्याचे वय काय, असे काही मनात आले की तो पूर्वीसारखाच लेखकाकडे धाव घेतो. आणि लेखकही, क्वचित कुरकुरत पण बहुधा मनातून सुखावून, उत्तर देतो. ही उत्तरे कृतीचा भाग मानावयाची, की कृतीवरील भाष्य मानावयाची, की केवळ सौजन्याचा व्यवहार म्हणून बाजूला ठेवावयाची? समीक्षेच्या ग्रंथांतून या प्रश्नाचा जो विचार झाला आहे तो बहुतांशी पूर्ण झालेल्या, मुद्रित आणि स्थिर कृती डोळ्यांसमोर ठेवून झाला आहे. कृती अद्याप घडत असताना, आठवड्यामागून आठवडा चालू असताना, प्रश्नोत्तरांचे स्वरूप बदलते. त्याचे आजच्या काळातील विशेष बोलके उदाहरण म्हणजे एइइचिरो ओदा या जपानी चित्रकथाकाराचा एक स्तंभ होय.

जपानी चित्रकथेस मांगा म्हणतात. ओदा यांची ‘वन पीस’ ही मांगा जुलै १९९७ मध्ये शुएइशा या प्रकाशनसंस्थेच्या ‘शूकान शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झाली. त्या वेळी ओदा यांचे वय बावीस वर्षांचे होते. रबरासारखे ताणले जाणारे शरीर लाभलेला लुफी नावाचा मुलगा समुद्री चाच्यांचा राजा होण्याच्या ईर्ष्येने निघतो आणि वाटेत त्याला एकेक सोबती मिळत जातो, एवढेच या कथेचे मूळ सूत्र. मात्र त्या सूत्रावर उभी राहिलेली सृष्टी एवढी विस्तारली की २०२१ साली तिचा शंभरावा खंड निघाला, आणि २०२२ साली जगभरातील प्रतींची संख्या ५० कोटींवर गेली. साप्ताहिकातील प्रकरणे पुढे ‘टांकोबोन’ नावाच्या छोट्या आकाराच्या खंडांत एकत्र केली जातात. अशा खंडात दोन प्रकरणांच्या मध्ये एखादे पान रिकामे उरते. या उरलेल्या पानांवर १९९८ सालच्या चौथ्या खंडापासून ‘एस. बी. एस.’ हा स्तंभ सुरू झाला. ‘शित्सुमोन ओ बोशू सुरू’, म्हणजे ‘प्रश्न मागवीत आहे’, या शब्दांची ती आद्याक्षरे होत. वाचकाच्या मजकुरापुढे ‘डी’ हे अक्षर असते, कारण जपानीत वाचकास ‘दोकुशा’ म्हणतात. उत्तरापुढे ओदा यांचा ‘ओ’ असतो.

हा स्तंभ काही शून्यातून निर्माण झाला नाही. ओसामु तेझुका आपल्या चित्रकथांत स्वतःच पात्र होऊन मधूनमधून डोकावत असत. अकिरा तोरियामा यांनीही ‘डॉ. स्लंप’मध्ये स्वतःची विनोदी आकृती काढून वाचकाशी सलगी साधली. ‘किन्निकुमान’ या १९७९ साली सुरू झालेल्या मालिकेने तर मल्लांच्या कल्पना वाचकांकडूनच मागवल्या आणि त्या कथेत वापरल्या. निर्माता आणि बालवाचक यांच्यामधील भिंत या परंपरेत पहिल्यापासूनच सच्छिद्र आहे.

तथापि या सलगीला एक कठोर बाजूही आहे, आणि ती लक्षात घेतल्यावाचून प्रस्तुत स्तंभाचे मर्म कळणार नाही. ‘जंप’च्या प्रत्येक अंकासोबत मतपत्रिकेचे एक कार्ड असते. त्यावर वाचकाने त्या अंकातील आपल्या आवडीच्या तीन कृती लिहून पाठवावयाच्या. जी मालिका या मोजणीत मागे पडते ती काही आठवड्यांतच गुंडाळली जाऊ शकते. म्हणजे तेथे कार्डावर लिहिणारा वाचक हा न्यायाधीश असतो आणि चित्रकार पिंजऱ्यात उभा असतो. ‘एस. बी. एस.’च्या पानावर तोच वाचक तसेच कार्ड घेऊन येतो. पण येथे तो निकाल देत नाही, विचारतो. कोणते पत्र छापावयाचे हे येथे चित्रकार ठरवितो. या उलटापालटीतच स्तंभातील मोकळेपणाचा उगम असावा. निवड ओदा यांच्या हाती असल्यामुळे प्रश्न हाही एका अर्थी त्यांच्याच रचनेचा भाग होतो, ही गोष्ट या उत्तरांना प्रमाण मानणारे बहुधा विसरतात.

वाचकांनाही हे उमगलेले आहे. जपानमध्ये नभोवाणीच्या कार्यक्रमांना चतुर मजकुराची कार्डे नेमाने पाठविणाऱ्या श्रोत्यांना ‘हागाकी शोकुनिन’, म्हणजे ‘कार्डांचे कारागीर’, म्हणतात. ‘एस. बी. एस.’चे वाचकही त्याच कुळातील आहेत. स्तंभ आता सुरू होत आहे ही घोषणा वास्तविक ओदा यांनी करावयाची. परंतु ती त्यांच्या आधीच एखादा वाचक करून मोकळा होतो, आणि ओदा हताश झाल्याचे सोंग आणतात. वर्षानुवर्षे चाललेला हा खेळ पाहिला म्हणजे येथील प्रश्न हा निव्वळ माहिती मिळविण्यासाठी नसतो हे स्पष्ट होते. तो छापला जाण्यासाठी लिहिलेला असतो.

स्तंभातील सर्वांत विपुल आणि वरकरणी सर्वांत क्षुल्लक सामग्री म्हणजे पात्रांच्या जन्मतारखा. भाषांतराच्या दृष्टीने पाहता तिच्याइतकी समृद्ध सामग्री दुसरी नाही. जपानीत एकेका अंकाचे अनेक उच्चार आहेत, त्यामुळे अंकांतून शब्द आणि शब्दांतून अंक काढण्याचा खेळ तेथे घरोघर चालतो. दिशादर्शक नामीचा जन्म ३ जुलैचा, कारण ‘ना’ म्हणजे सात आणि ‘मी’ म्हणजे तीन. आचारी सांजीचा २ मार्चचा, कारण ‘सां’ म्हणजे तीन आणि ‘जी’ म्हणजे दोन. तलवारबाज झोरोचा ११ नोव्हेंबरचा. एकच अंक पुन्हा पुन्हा येण्यास जपानीत ‘झोरोमे’ म्हणतात. थापाड्या उसोपच्या नावात ‘उसो’, म्हणजे खोटे, दडलेले आहे. तेव्हा त्याला १ एप्रिल हा दिवस मिळावा हे ओघानेच आले. लुफीचा ५ मे हा जपानमधील बालदिन आहे. पुढे पुढे तर वाचकच असे श्लेष रचून तारखांच्या याद्या पाठवू लागले, आणि ओदा त्यांना एका शब्दात संमती देऊ लागले.

आता हे मराठीत कसे आणावे? ‘नामी’ हा शब्द मराठी वाचकाला ऐकताक्षणी वेगळाच, उत्कृष्ट अशा अर्थाचा वाटेल. जपानीत ‘नामी’चा अर्थ लाट असा आहे, जो समुद्रावर वाट दाखविणाऱ्या मुलीला साजतो, आणि या दोहोंखाली सात-तीनचा अंक. तीन थरांपैकी एकही थर सरळ उचलून आणता येत नाही. आपल्याकडे भूतसंख्येची पद्धत होती. नेत्र म्हटले की दोन, वेद म्हटले की चार. पण ती अर्थावर चालते, ध्वनीवर नव्हे. ध्वनीवर चालणारी कटपयादी पद्धत अधिक जवळची खरी; मात्र तिच्या नियमाने ‘नामी’चे मोल पन्नास येते आणि पन्नास या संख्येला पंचांगात जागा नाही. शिवाय कटपयादी हे पंडितांचे शास्त्र, तर जपानमधला हा प्रकार दुकानांचे दूरध्वनी क्रमांक लक्षात ठेवण्यासाठीही वापरला जातो. भाषांतरकारापुढे मग टीप देणे एवढाच मार्ग उरतो, आणि टीप दिलेला विनोद हा विनोद राहत नाही. स्तंभातील जे सर्वांत हलके ते भाषांतरात सर्वांत जड होते.

या जन्मतारखांनी कृतीत काय भर पडते? कथानकात त्यांचा फारसा उपयोग नाही आणि त्यांच्यावाचून कोणतेही पात्र अपुरे वाटत नाही. पण नेमकी म्हणूनच त्यांची वाटणी उदारपणे करता येते. कवी हा आपल्या सृष्टीचा प्रजापती, ही आनंदवर्धनाची कल्पना येथे मोठ्या मौजेने अर्धी खरी ठरते: हा प्रजापती सृष्टीचे जन्मदाखले भरण्याचे काम प्रजेकडे सोपवितो आणि विनाशाचे व पुनर्भेटीचे अधिकार मात्र स्वतःकडे राखतो.

वाचकांनी एकदा विचारले की या पात्रांना खऱ्या जगातील देश दिले तर ते कोणते असतील. ओदा यांचे उत्तर छप्पन्नाव्या खंडात आहे: लुफी ब्राझीलचा, झोरो जपानचा, नामी स्वीडनची, सांजी फ्रान्सचा, रॉबिन रशियाची, आणि उसोप आफ्रिकेचा. इतरांना देश मिळाले आणि उसोपला एक अखंड खंड मिळाला, हे लिहिताना ओदा यांच्या ध्यानात आले नसावे. थट्टेच्या ओघात लेखकाच्या मनातील जगाचा नकाशा असा उघडा पडतो, आणि लेखकाच्या विचारपूर्वक दिलेल्या उत्तरांपेक्षा अशी निसटलेली उत्तरे समीक्षकाला अधिक सांगून जातात. पुढे २०२३ साली या कथेचे जिवंत नटांसह रूपांतर झाले व लुफीची भूमिका इन्याकी गोदॉय या मेक्सिकन नटाने केली, तेव्हा नटांच्या निवडीच्या चर्चेत हेच उत्तर आधार म्हणून पुन्हा पुन्हा पुढे आले. सहज केलेली थट्टा असा दस्तऐवज बनते.

स्तंभाचा एक भाग मात्र निःसंकोच सामान्य आहे. स्त्री-पात्रांच्या देहाची मापे विचारली जातात आणि ती पुरविलीही जातात. मुलांच्या साप्ताहिकातील हा चावटपणा निरुपद्रवी आहे असे समर्थन होते. परंतु नामीसारखे, दुःखातून घडलेले पात्र निर्माण करणाऱ्याच्या लेखणीला तो शोभत नाही.

या साऱ्या गंमतीत क्वचित एखादा प्रश्न कृतीच्या गाभ्याला हात घालतो. लुफी आपल्या शत्रूंना ठार का मारीत नाही, असा प्रश्न आरंभीच्या काळात आला. ओदा यांच्या उत्तराचा आशय असा: त्या युगातील माणसे आपल्या निष्ठेसाठी प्राण पणाला लावतात, लुफी त्यांची निष्ठाच मोडतो, आणि ती मोडणे त्यांना मरणाइतकेच दारुण आहे, मारणे वा न मारणे ही त्यापुढे गौण गोष्ट होय. हे उत्तर म्हणजे चक्क समीक्षा आहे. त्यामुळे ते कृतीवर पारखून घेणे क्रमप्राप्त ठरते.

आर्लोंगच्या कथाभागात ते पुरेपूर उतरते. आर्लोंगने नामीला लहानपणापासून कोंडून नकाशे काढावयास लावलेले असते. समुद्राचे नकाशे हाती घेऊन राज्य उभारण्याची त्याची आकांक्षा त्या खोलीत साठलेली आहे. लुफी आधी ती खोली उद्ध्वस्त करतो, मग सारी इमारतच कोसळवितो. येथे देहाच्या मृत्यूला खरोखरच महत्त्व उरत नाही. पण बगी या विदूषकी चाच्याचे काय? तोही हरतो, त्याची निष्ठा मात्र, जी काही असेल ती, मुळीच मोडत नाही. तो पुन्हा पुन्हा परततो, आणि शेवटी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या भागात समुद्राच्या चार सम्राटांपैकी एक होऊन बसतो. ओदा यांच्या उत्तराच्या नियमाने बगीचा उलगडा होत नाही. विनोदी पात्राच्या अमरत्वाच्या, फार प्राचीन अशा नियमाने होतो. लेखकाने दिलेले उत्तर हा कृतीचा एक समर्थ अन्वयार्थ आहे. अंतिम अन्वयार्थ नव्हे. विम्सॅट-बिअर्डस्ली यांना एवढे मान्य करावयास हरकत नसावी. आणि त्यांनी हे उत्तर न वाचताच दूर सारले असते तर आर्लोंगच्या त्या खोलीकडे पाहण्याची एक दृष्टी गमावली असती, हेही खरे.

चालू असलेल्या कृतीत लेखकाच्या उत्तराला आणखी एक धोका असतो. सॅम्युएल रिचर्डसन यांची ‘क्लॅरिसा’ १७४७-४८ मध्ये खंडशः निघत असताना नायिकेला वाचवा अशी विनवणी वाचकांनी पत्रांतून केली. रिचर्डसन बधले नाहीत. जे. के. रोलिंग यांनी डम्बलडोर या पात्राविषयीचा आपला प्रसिद्ध खुलासा २००७ साली केला तो मात्र अखेरचा खंड निघून गेल्यावर. त्यामुळे ग्रंथात नसलेले ग्रंथावर लादल्याचा आक्षेप त्यांना ऐकावा लागला. ओदा यांची अडचण या दोहोंहून निराळी. त्यांनी खरे सांगितले तर पुढील वीस वर्षांचे कुतूहल संपते. खोटे सांगितले तर कृती त्यांना खोटे पाडते. म्हणून ते थट्टा करतात. स्तंभातील विनोद हा स्वभावाचा भाग असेलही, पण त्याचे मुख्य काम नकार देण्याचे आहे, आणि विचारणारा मूल असल्यामुळे तो नकार न दुखविता द्यावयाचा असतो.

लुफीच्या पूर्ण नावात मध्ये ‘डी’ हे एकाकी अक्षर आहे. त्याचा अर्थ काय, असे वाचकांनी फार लवकर विचारले. तूर्त ते केवळ ‘डी’ असे वाचावे, एवढेच उत्तर मिळाले. शंभरावा खंड निघाला तेव्हाही त्या अक्षराचा उलगडा झालेला नव्हता. दरम्यान स्तंभात प्रश्नकर्त्याच्या मजकुरापुढे तेच अक्षर, दोकुशाचा ‘डी’ म्हणून, नेमाने छापले जात होते.