पंचवीस वर्षांची सेडान आणि घरातला रविवार

बंगळुरूतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये एक चक्कर मारा. चकचकीत एसयूव्हींच्या रांगेत एखादी बुटकी, लांबट, जुन्या वळणाची सेडान कव्हर घालून उभी दिसेल. आठवडाभर तिच्याकडे कुणी फिरकत नाही. रविवारी सकाळी मात्र कव्हर निघतं, बॉनेट उघडतं आणि आयटीत काम करणारा एखादा गृहस्थ हात काळे करून त्यात डोकं घालून उभा राहतो. घरातून हाक येते, ‘‘अहो, नाश्ता थंड होतोय!’’

कुणी बागकाम करतं, कुणी ट्रेकिंगला जातं, तसाच जुन्या स्पोर्ट्स सेडानचा हा छंद आहे. पण तो स्वस्त नाही, वेळ खाणारा आहे आणि त्यात अख्ख्या घराला सामील व्हावं लागतं. म्हणूनच गाडी घरी आणण्याआधी काही गोष्टी नवरा-बायकोने एकत्र बसून समजून घ्यायला हव्यात.

कोणत्या गाड्यांचं वेड?

नव्वदच्या दशकापर्यंत मध्यमवर्गीय घरात गाडी म्हणजे फियाट, ॲम्बेसेडर किंवा मारुती ८००. मराठी माणसाला फियाट विशेष जवळची, कारण ती मुंबईत कुर्ल्याला बनायची. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांचं बंगळुरूशीही घट्ट नातं आहे. आज एचएएल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विमान कारखान्याची सुरुवात त्यांनीच १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने या शहरात केली होती.

पुढे बाजार खुला झाला आणि चालवायला मजा येईल अशा सेडान भारतात आल्या. १९९४ मध्ये मारुती एस्टीम आली. १९९८ मध्ये होंडा सिटी आणि हिंदुस्तान मोटर्सच्या चेन्नईजवळच्या कारखान्यातून मित्सुबिशी लान्सर आली. पाठोपाठ ‘जोश मशीन’ म्हणून जाहिरात झालेली फोर्ड आयकॉन आली. स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी तर आपल्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला व्हायची. तिची टर्बो पेट्रोल इंजिनवाली व्हीआरएस आजही शौकीन शोधत फिरतात.

या सगळ्यांत होंडा सिटीच्या पहिल्या पिढीतली १.५ व्हीटेक ही सर्वांत लाडकी. ती २००० ते २००३ या काळात विकली गेली. वजन एक टनाच्या आसपास आणि ताकद सुमारे १०६ अश्वशक्ती. त्या काळात या किमतीत अशी चपळाई दुसरीकडे मिळत नव्हती. कॉलेजच्या दिवसांत जी गाडी परवडली नाही, ती चाळिशीत घ्यायची, हे या छंदामागचं साधं गणित असतं.

व्हीटेकचं गुपित

या इंजिनाची गंमत समजली की त्याची निगा का राखायची हेही समजतं. इंजिनात हवा आणि पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह कॅमशाफ्टवरच्या उंचवट्यांमुळे उघडतात. गर्दीत हळू चालण्यासाठी व्हॉल्व्ह थोडे उघडलेले बरे, तर वेगात पळताना जास्त उघडलेले बरे. व्हीटेकमध्ये दोन्हींची सोय असते. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की ऑइलच्या दाबाने एक छोटी पिन सरकते आणि व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्यावर चालू लागतात. इंजिनाचा आवाज बदलतो आणि गाडी झेपावते.

म्हणजे ही सगळी करामत ऑइलच्या दाबावर चालते. ऑइल कमी असेल किंवा काळं, घट्ट झालं असेल, तर व्हीटेक नीट काम करत नाही. म्हणून अशा गाडीत ऑइल आणि फिल्टर बदलायला कंटाळा चालत नाही. गाडी वर्षात दोन हजार किलोमीटरच फिरली असली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलायलाच हवं. दर पंधरवड्याला डिपस्टिक काढून पातळी बघायची सवय लावा. हे काम दहा-बारा वर्षांचं मूलही आवडीने करतं.

घेताना काय बघाल?

चमकणाऱ्या रंगावर भाळू नका. या वयाच्या गाडीत इंजिन दुरुस्त करता येतं, पण सडलेला पत्रा खिसा रिकामा करतो.

• गंज : चाकांवरच्या कमानी, दारांखालचा पट्टा, स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा ट्रे आणि काचेच्या रबराच्या कडा तपासा. आतलं मॅटिंग उचलून खालचा पत्रा बघा. समुद्राकाठी वाढलेल्या मुंबई-गोव्याच्या गाडीत गंज जास्त असू शकतो. बंगळुरूची हवा या बाबतीत दयाळू आहे.

• पुट्टी : छोटं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे पुट्टी भरलेली असण्याची शक्यता दाट.

• धूर : थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला, तर हेड गॅस्केटची शंका घ्या.

• कागद : आरसीवरचा चॅसी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः जुळवून बघा. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलेला आहे का, तेही पाहा.

• मूळ सामान : आतले प्लॅस्टिकचे तुकडे, हेडलाइट, बंपर आणि सीटचं कापड जाग्यावर आहे का? इंजिनाचे पार्ट एक वेळ मिळतात, हे मिळत नाहीत.

पूर्णपणे मोडकळीला आलेली स्वस्त गाडी घेण्यापेक्षा थोडे जास्त पैसे देऊन सांभाळलेली गाडी घेणं शेवटी स्वस्त पडतं.

कामाचा क्रम महत्त्वाचा

नव्या मालकाला आधी रंग, अलॉय व्हील आणि म्युझिक सिस्टिम सुचते. क्रम नेमका उलटा हवा. आधी थांबणं, मग वळणं, मग चालणं आणि सगळ्यात शेवटी दिसणं.

ब्रेकपासून सुरुवात करा. पॅड, डिस्क, रबरी होज आणि ब्रेक ऑइल बघा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी ते बदलायला हवं. मग टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘३२१४’ याचा अर्थ टायर २०१४ च्या ३२ व्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी दहा-बारा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, पावसात ते धोका देतं.

त्यानंतर सस्पेन्शनचे बुश, शॉक ॲब्सॉर्बर, बॉल जॉइंट आणि इंजिन माउंट. पंचवीस वर्षांत सगळं रबर म्हातारं होतं. हे बदललं की गाडी एकदम दहा वर्षांनी तरुण वाटते. मग कूलिंगकडे वळा. रेडिएटर, थर्मोस्टॅट, पाण्याचे होज आणि पंखा. सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली जुनी गाडी सर्वांत आधी इथेच माघार घेते.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजा. अशा बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि छोट्या खर्चाचं रूपांतर इंजिन उघडण्यात होतं. बेल्टसोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलून घ्या, कारण मजुरी एकदाच लागते.

सध्या आणखी एक मुद्दा आहे, पेट्रोलमधल्या इथेनॉलचा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. जुने रबरी फ्युएल होज आणि सील त्याने खराब होऊ शकतात. म्हणून फ्युएल लाइनचे सगळे होज नव्या, इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे बसवा. टाकीत पेट्रोल महिनोन् महिने साठवून ठेवू नका आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता आधी गळती शोधा.

पार्ट मिळतात कुठे?

या छंदासाठी बंगळुरू हे सोयीचं शहर आहे. जे. सी. रोडवर स्पेअर पार्ट आणि ॲक्सेसरीजच्या दुकानांची रांग आहे. नवं काही मिळालं नाही तर शिवाजीनगरची गुजरी. तिथे भंगारात निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, दिवे, गिअरबॉक्स यांचे ढीग असतात. जाताना जुना पार्ट सोबत न्या किंवा पार्ट नंबर लिहून न्या, तोंडी वर्णनावर भलताच तुकडा पदरात पडतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि सीट बेल्टचे पार्ट मात्र वापरलेले कधीच घेऊ नका. हेडचं लेव्हलिंग किंवा लेथवरचं काम असेल, तर पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत कुशल कारागीर आहेत.

इथले मेस्त्री हिंदी, दख्खनी, तमिळ, कन्नड सगळं बोलतात. तरी ‘एष्टु?’ म्हणजे किती आणि ‘स्वल्प नोडी’ म्हणजे जरा बघा, एवढं कन्नड आलं तरी चेहऱ्यावर हसू येतं आणि काम आपुलकीनं होतं. प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि खर्च एका वहीत लिहा. पुढे गाडी विकायची झाली तर ही वही तिची किंमत वाढवते.

कायद्याची बाजू

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर फिटनेस तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवता येते. दिल्लीसारखी पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी बंगळुरूत नाही. पण फी वाढली आहे. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ती १०,००० रुपये आहे. ग्रीन टॅक्स वेगळा. २००२ मध्ये नोंदलेल्या गाडीचं नूतनीकरण २०१७, २०२२ आणि २०२७ मध्ये येतं, हे धरून बजेट करा.

पुण्या-मुंबईची गाडी बंगळुरूला आणणार असाल, तर मूळ आरटीओची एनओसी लागते. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथे पुन्हा नोंदणी आणि रोड टॅक्स आलाच. गाडीच्या किमतीपेक्षा हा खर्च आणि धावपळ कधी कधी जड होते, म्हणून आधीच केए नंबरची गाडी शोधलेली बरी. २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते.

‘व्हिंटेज’ची सवलत यांना मिळत नाही, त्यासाठी गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी. कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे. इंजिन बदललं किंवा रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी. कर्णकर्कश सायलेन्सरचा मोह टाळा. दंडापेक्षाही, सोसायटीतल्या तान्ह्या बाळांच्या झोपेचा विचार करा.

घरच्यांचं काय?

‘‘एवढ्या पैशांत नवी गाडी आली नसती का?’’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि तो रास्त आहे. जुन्या गाडीवर घातलेला पैसा बहुतेक वेळा परत येत नाही. ही गुंतवणूक नाही, छंद आहे, हे आधीच मान्य केलं की भांडणं कमी होतात. मुलांची फी, आईवडिलांची औषधं आणि आपत्कालीन बचत बाजूला काढूनच गाडीचा महिन्याचा आकडा ठरवा. गाडीच्या किमतीइतकीच रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी वेगळी असेल, तरच पुढे जा.

सुरक्षेचा प्रश्न तर पैशांहून मोठा आहे. त्या काळातल्या अनेक गाड्यांत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. आजच्या गाडीइतकं संरक्षण त्या देऊ शकत नाहीत आणि कितीही खर्च केला तरी देणार नाहीत. त्यामुळे रोज मुलांना शाळेत सोडायला किंवा रात्रीच्या हायवे प्रवासाला ही गाडी नको. मागच्या सीटचे बेल्टही चालू हवेत. रविवारी पहाटे रस्ता रिकामा असताना एक फेरफटका, हे तिचं काम. आठवड्यातून एकदा अर्धा तास ती चांगली गरम होईपर्यंत चालवा. नुसती जागेवर सुरू करून बंद केली तर इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये ओलावा साचतो.

घरी काम करतानाचे नियमही ठरवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, खाली स्टँड हवेतच. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. जुनं ऑइल गटारात न ओतता गॅरेजमध्ये द्यायचं.

एवढं पाळलं तर हा छंद घराला बरंच काही देतो. मोबाइलमध्ये गुंतलेली मुलगी स्पार्क प्लग हातात घेऊन ‘‘बाबा, ठिणगी नेमकी पडते कुठे?’’ असं विचारते. वस्तू बिघडली की फेकायची नसते, उघडून बघायची असते, हे मुलं न शिकवता शिकतात. आणि कधी सलग तीन महिने गाडी फक्त पैसे खात असेल, चालवण्याचा आनंदच उरला नसेल किंवा घरात तिच्यावरून कटुता येत असेल, तर ती दुसऱ्या शौकिनाच्या हवाली करण्यात कमीपणा मानू नका. छंद घरासाठी असतो. वहीसकट चावी पुढच्याला द्या, गाडी तिथेही चालत राहील.