एकाच होल्डरात तीन बल्ब

गेल्या पावसाळ्यात आमच्या पडवीतला एलईडी बल्ब गेला. वर्षभरातला हा तिसरा. सौ. वैतागून म्हणाली, ‘‘अहो, खोक्यावर २५ हजार तास छापलंय. कुणी मोजले हे तास?’’ प्रश्न रास्त होता, म्हणून वही-पेन्सिल घेऊन बसलो.

जुना पिवळा बल्ब साधारण १,००० तास चाले. (ही मर्यादासुद्धा बड्या कंपन्यांनी १९२४ साली जिनिव्हात एक होऊन घालून घेतली होती, त्याआधीचे काही बल्ब जास्त टिकत!) मागून सीएफएल आले, ते सहा-आठ हजार तासांचे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी खेडोपाडी पोचले. दिवेलागणीपासून निजानीजेपर्यंत रोज ५ तास धरले, तर २५,००० तास म्हणजे साडेतेरा वर्षे होतात. तोच बल्ब देवघरात रात्रंदिवस ठेवलात, तर तीन वर्षेही भरत नाहीत. तेवढाच वेळ लावला तर ६० वॅटचा पिवळा बल्ब महिन्याला ९ युनिट खाई, ९ वॅटचा एलईडी दीड युनिटाच्या आत भागवतो.

मग आमचे तीन बल्ब वर्षभरात कसे गेले?

छापलेले तास असतात ते आतल्या उजेड देणाऱ्या बारीक ठिपक्यांचे. तेवढ्या काळात त्यांचा उजेड सुमारे ७० टक्क्यांवर येतो. पण बल्बच्या बुडाशी एक छोटे सर्किट असते, आणि बहुधा तेच आधी मरते. त्याला उष्णता सोसत नाही, विजेचा चढउतारही सोसत नाही. किडे नकोत म्हणून आपण ओटीवर बंद काचेच्या गोळ्यात बल्ब घालतो. तिथे ऊब कोंडते. उघडा टांगलेला बल्ब जास्त जगतो. कोळिष्टके झाडावी लागतात, इतकेच.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक वैरी आहे, खारे वारे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे खिडकीचे गज गंजतात, तशाच होल्डरमधल्या पिना आणि त्यांच्या स्प्रिंगाही गंजतात. पकड सैल होते, आत ठिणग्या उडतात, दिवा मिचमिचतो. मेन स्विच बंद करून आम्ही पडवीतला होल्डर उतरवला, तर आतून काळाठिक्कर, वायरचे वेष्टण वितळलेले. आणि वर हातभर अंतरावर माळ्यावर पेंढा रचलेला! बल्ब गेल्याचे वाईट वाटत होते. ते गेले म्हणून तरी तिकडे लक्ष गेले. नवा होल्डर बल्बाहून स्वस्त पडला.

तेव्हा एकाच जागी दोन बल्ब गेले की तिसरा आणू नका. आधी वायरमनला होल्डर दाखवा. मात्र घरातले सगळेच दिवे एकदम प्रखर होऊन जाऊ लागले, तर दोष न्यूट्रलच्या तारेत असण्याचा संभव फार. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळासारख्या वाऱ्यात खांब पडतात, तारा तुटतात. न्यूट्रल सुटली की २३० व्होल्टच्या जागी ३०० च्या वर दाब घरात येऊ शकतो. अशा वेळी मेन बंद करून महावितरणला कळवावे. स्वतः खांबाकडे जाऊ नये.

कुणाकडे अजून सीएफएल असेल आणि तो फुटला, तर त्यात थोडा पारा असतो हे ध्यानात ठेवा. पोरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा. केरसुणी लावू नका, जाड कागदाने काचा गोळा करा.

आता नवा बल्ब आणला की सौ. त्याच्या बुडावर मार्करने तारीख घालते आणि पावती खोक्यासकट फडताळात ठेवते. हमीच्या मुदतीत गेला तर दुकानदारापुढे ठेवायला काहीतरी हवे ना! पडवीतल्या बल्बावर गेल्या गणपतीतली तारीख आहे, आणि तो अजून चालू आहे.