शाळेतून उद्योगाकडे

प्राथमिक शाळेचा शेवटचा वर्ग संपला की खेड्यातील पुष्कळ मुलांचे शिक्षण थांबण्याचा संभव असतो. कोणी आईबापांबरोबर ऊसतोडीस जातो, कोणी वीटभट्टीवर, कोणी गुरांमागे. हात कामाला लागतात, पण हाती कसब येत नाही. मजुरी आणि कसब यांतील हे अंतर पालकांस वेळीच समजावून देणे हे प्राथमिक शिक्षकाचे काम आहे. मूल शाळेबाहेर पडल्यावर ते सांगणारा सहसा कोणी उरत नाही.

६ ते १४ वर्षांच्या मुलांस सक्तीचे व मोफत शिक्षण देण्याचा कायदा २००९ साली झाला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलास मजुरीस ठेवणे आणि १८ वर्षांखालील मुलास धोक्याच्या कामावर लावणे हा गुन्हा आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतार, तारतंत्री अशा काही व्यवसायांना इयत्ता ८ वी उत्तीर्ण विद्यार्थी पात्र ठरतो. जोडारी व वीजतंत्री या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांस मात्र गणित व विज्ञान घेऊन १० वी उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणजे शाळेत आणखी दोन वर्षे काढली तर कितीतरी दारे उघडतात. ही दारे मुलींसही मोकळी आहेत. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमान्वये कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येते.

याची पूर्वतयारी प्राथमिक वर्गातच होते. शिक्षकांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

(१) मोजमाप : मुलांकडून शाळेचेच दार मोजून घ्यावे. उंची २०० सेंटिमीटर व रुंदी ९० सेंटिमीटर असेल, तर दोन उभ्या बाजू व वरची आडवी मिळून ४९० सेंटिमीटर लाकूड लागेल. सांध्यांसाठी थोडे अधिक. वहीतील चूक खोडता येते, आखूड कापलेली फळी लांब होत नाही, हे मुलांस येथेच उमगते.

(२) दाखला : जनरल रजिस्टरातील नाव व जन्मतारीख यांवरूनच शाळा सोडल्याचा दाखला तयार होतो. एका वेलांटीच्या किंवा एका वर्षाच्या चुकीने पुढे प्रवेश अडतो, आणि शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार अवघड जाते. म्हणून शेवटच्या वर्षी प्रत्येक नोंद पालकांसमक्ष वाचून पाहावी.

(३) पाठपुरावा : दाखला नेलेल्या प्रत्येक मुलाचे नाव पुढील शाळेत दाखल झाले की नाही, याची नवे वर्ष सुरू होताच चौकशी करावी. जे नाव सापडणार नाही, त्याच्या घरी जावे.