फाशीची मागणी आणि मतदानाची तारीख

मृत्युदंडाचा विषय निवडणुकीच्या सभेत निघाला, की त्यासाठी लागणारे शब्द मराठीत आधीपासून तयार असतात. ‘भर चौकात फाशी द्या’ ही घोषणा त्यांपैकी एक, आणि ‘चौरंग करा’ ही दुसरी. चौरंग करणे म्हणजे दोन्ही हात व दोन्ही पाय तोडणे. रांझे गावच्या पाटलाला बदअमलाबद्दल ही शिक्षा फर्मावणारा शिवाजी महाराजांचा १६४६ सालचा हुकूम सभांमधून हमखास सांगितला जातो, मात्र तो हुकूम मृत्युदंडाचा नव्हता, ही गोष्ट वक्त्याच्या लक्षात असतेच असे नाही. या घोषणांना टाळ्या मिळतात. परंतु निवडून जाणाऱ्या खासदाराच्या हाती त्यांतले नेमके काय असते, या प्रश्नाचा विचार करायचा तर सभेपासून थोडे दूर जावे लागते, आणि त्यासाठी लोटे हे गाव सोयीचे आहे.

मुंबई-गोवा महामार्गावर खेड आणि चिपळूण यांच्यामध्ये वसलेले लोटे खेड तालुक्यात, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात येते. तथापि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून येथील मतदार लोकसभेसाठी रायगड मतदारसंघात मत देतात. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांची दाटी आहे, आणि पाळी सुटल्यावर नाक्यावरच्या टपरीवर निवडणुकीची जी चर्चा चालते तिचे विषय ठरलेले असतात: स्थानिकांना कायम नोकरी की ठेकेदाराकडची, सांडपाणी शेवटी दाभोळच्या खाडीतच जाणार का, चौपदरीकरण एकदाचे पुरे कधी होणार. फाशीची चर्चा या नाक्यावर बाहेरून येते, आणि ती बहुधा मुंबईहून येते, कारण कोकणातील घरोघरचे चाकरमानी तिथे असतात व मुंबईत जे घडते ते त्याच रात्री फोनवरून गावच्या पडवीत पोहोचते.

अशी चर्चा सर्वांत ठळकपणे झाली ती २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत. मुंबईतील महालक्ष्मी भागात बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात २०१३ च्या जुलै आणि ऑगस्ट महिन्यांत सामूहिक बलात्काराचे दोन गुन्हे घडले. दुसऱ्या गुन्ह्याची तक्रार झाल्यानंतर पहिल्या गुन्ह्यातील पीडित तरुणीही पुढे आली. त्याच वर्षी, दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, संसदेने भारतीय दंडसंहितेत ‘३७६ ई’ हे नवे कलम घातले होते. बलात्काराच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेली व्यक्ती पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरली, तर तिला उर्वरित आयुष्यभराचा कारावास किंवा मृत्युदंड देता येईल, अशी त्यात तरतूद होती. मुंबईच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दोन्ही खटल्यांत आरोपींना दोषी ठरवले, आणि दोन्हींत समान असलेल्या तिघांवर हे कलम लावण्याची सरकारपक्षाची विनंती मान्य करून ४ एप्रिल रोजी त्यांना फाशीची शिक्षा सुनावली. नव्या कलमाखालील ही देशातील पहिली मृत्युदंडाची शिक्षा होती, आणि लोकसभेच्या मतदानाचा पहिला टप्पा त्यानंतर तीनच दिवसांनी, ७ एप्रिलला होता.

शिक्षा सुनावल्यानंतर सहा दिवसांनी, १० एप्रिलला, समाजवादी पक्षाचे नेते मुलायमसिंह यादव यांनी मुरादाबाद येथील सभेत या शिक्षेचा थेट उल्लेख केला. मुलांकडून चुका होतात, त्यासाठी त्यांना फाशी द्यायची का, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता, आणि सत्ता आल्यास असे कायदे बदलण्याचे आश्वासनही त्यांनी दिले. देशभर संताप उसळला, आणि तो योग्यच होता, कारण सामूहिक बलात्काराला चूक म्हणणाऱ्याच्या युक्तिवादात पीडितेला जागाच उरत नाही. मात्र या गदारोळात एक नुकसान झाले, ज्याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. बलात्काराच्या गुन्ह्याला मृत्युदंड असावा का, हा गंभीर प्रश्न त्या एका वाक्यामुळे असा नासला, की त्या शिक्षेवर शंका घेणे म्हणजे गुन्हेगाराची बाजू घेणे असे समीकरण प्रचाराच्या उरलेल्या काळात पक्के झाले.

वास्तविक शंका घेणारे लोक निराळेच होते. दिल्लीतील घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात बलात्कारासाठी मृत्युदंडाची शिफारस केली नव्हती. बलात्काराला आणि खुनाला सारखीच शिक्षा असेल, तर साक्षीदार असलेल्या पीडितेला जिवंत सोडण्यात गुन्हेगाराला काही लाभ वाटणार नाही, ही भीती अनेक स्त्री-संघटनांनीही बोलून दाखवली होती. तरीही त्या वेळच्या काँग्रेसप्रणीत सरकारने संसदेतील कायद्याआधी काढलेल्या अध्यादेशातच मृत्युदंडाची तरतूद केली, आणि विरोधी बाकांवरच्या भारतीय जनता पक्षाची मागणी त्याहून कडक शिक्षेची होती. मृत्युदंडच नको अशी भूमिका घेणाऱ्यांत डावे पक्ष प्रमुख होते, परंतु महाराष्ट्राच्या बहुतेक मतदारसंघांत त्यांचा आवाज क्षीण होता. त्यामुळे धोरण म्हणून पाहिले तर मोठ्या पक्षांमध्ये मतभेद जवळजवळ नव्हताच. वाद होता तो कोण अधिक कठोर याचा.

रायगड मतदारसंघात २४ एप्रिलला मतदान झाले आणि शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे यांच्यावर अवघ्या २,११० मतांनी विजयी झाले. याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष उमेदवारही उभा होता, आणि त्याला पडलेली मते या फरकाहून कितीतरी अधिक होती. देश फाशीवर भांडत असताना येथला निकाल नामसाधर्म्याने फिरला असावा, असे मानायला पुरेशी जागा आहे.

निवडणूक संपली आणि शक्ती मिलचा खटला आपल्या गतीने पुढे गेला. येथे एक कायदेशीर गाठ होती. ‘पूर्वी दोषी ठरलेला’ म्हणजे शिक्षा भोगूनही न सुधारलेला असा साधा अर्थ घेतला, तर दोन्ही खटल्यांत जवळपास एकाच वेळी दोषी ठरलेल्या आरोपींना हे कलम लागू होते का? मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये कलमाची घटनात्मक वैधता मान्य केली, परंतु २५ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती साधना जाधव आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने तिघांची फाशी रद्द करून त्यांना उर्वरित आयुष्यभर, पॅरोल किंवा फर्लोची सवलत न देता, तुरुंगात ठेवण्याचा आदेश दिला. मृत्यूने पश्चात्तापाची शक्यताच संपते आणि जनक्षोभ हा शिक्षेचा आधार होऊ शकत नाही, असा या निकालाचा रोख होता. सभांमधून ज्या फाशीचे स्वागत वा निषेध झाला, ती साडेसात वर्षांनी अशी विरली; तोवर आणखी एक लोकसभा निवडणूक होऊन गेली होती.

ही दिरंगाई अपघाताने होत नाही. ती व्यवस्थेतच मुद्दाम ठेवलेली आहे, आणि लोट्याच्या मतदाराला ती आपल्याच तालुक्यापासून समजून घेता येते. समजा, खेड येथील सत्र न्यायालयाने एखाद्याला मृत्युदंड दिला, तर तो आपोआप अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी ते प्रकरण शिक्कामोर्तबासाठी, म्हणजे शिक्षा कायम करावी की नाही हे तपासण्यासाठी, उच्च न्यायालयाकडे पाठवावेच लागते. रत्नागिरी जिल्ह्यासाठी हे उच्च न्यायालय म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, तेथे पुनर्विचार याचिका, मग राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्याकडे दयेचा अर्ज. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६१ आणि ७२ नुसार हा अधिकार त्यांना असला, तरी तो अनुक्रमे राज्याच्या व केंद्राच्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा असतो, आणि साऱ्या साखळीत राजकारणाला अधिकृत प्रवेश असलेला हा एकच दुवा आहे. शेवटी उरते ते येरवडा किंवा नागपूर, कारण राज्यात फाशी देण्याची सोय या दोनच कारागृहांत आहे. न्यायालयांच्या प्रत्येक पायरीवर १९८० च्या बच्चनसिंग निकालातील कसोटी लावली जाते: जन्मठेप हा नियम, मृत्युदंड हा अपवाद, आणि तोही ‘दुर्मीळातील दुर्मीळ’ प्रकरणात, जेथे दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद झालेला आहे.

इतक्या पायऱ्या कशासाठी, असे विचारणाऱ्याला महाराष्ट्रातलेच एक प्रकरण दाखवता येते. २००३ मधील एका दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या गुन्ह्यात भटक्या समाजातील सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा सौम्य केली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. योगायोगाने त्याच दिवशी मुंबईत लोकसभेचे मतदान होते. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, तपासातील दोषांवर बोट ठेवले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. त्यानंतर पाच दिवसांनी १७ व्या लोकसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली. सोळा वर्षे निरपराध लोकांना तुरुंगात ठेवणारा तपास हा प्रचाराचा विषय व्हायला हवा होता, आणि पोलीस हा विषय राज्याचा असला तरी फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांच्याही अखत्यारीत, असल्यामुळे लोकसभेच्या उमेदवाराला त्यावर बोलता आलेही असते. परंतु या निकालावर सभा गाजल्या नाहीत.

२०२४ मध्ये तर हा विषय उमेदवाराच्या रूपातच उभा राहिला. शक्ती मिलच्या खटल्यात आणि त्याआधी मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यातील कसाबच्या खटल्यात विशेष सरकारी वकील असलेले उज्ज्वल निकम यांना भारतीय जनता पक्षाने मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून उमेदवारी दिली. फाशीच्या अनेक शिक्षा मिळवून देणारे वकील ही त्यांची ओळख प्रचारात साहजिकच पुढे होती. कसाबला तुरुंगात बिर्याणी हवी असल्याची जी कथा वर्षानुवर्षे सरकारच्या मवाळपणाचा दाखला म्हणून सांगितली गेली, ती आपण रचलेली होती, कसाबविषयी तयार होणारी भावनिक लाट रोखण्यासाठी तसे केले, हे निकम यांनीच २०१५ मध्ये सांगून टाकले होते. तरी कथा जिवंतच राहिली. निकाल लागला तेव्हा काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांनी सुमारे १६ हजार मतांनी त्यांचा पराभव केला, त्यामुळे फाशीला मते मिळतात हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर जमावाने तासन्तास रेल्वे रोखून फाशीची मागणी केली, तेव्हा विरोधकांनी ‘शक्ती’ विधेयकाची आठवण काढली. बलात्काराच्या गंभीर प्रकारांना मृत्युदंडाची तरतूद असलेले हे विधेयक विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केले होते. परंतु समवर्ती विषयावर केंद्राच्या कायद्याशी विसंगत असा राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या संमतीवाचून टिकत नाही, आणि ती संमती मिळाली नव्हती.

लोट्याच्या नाक्यावरून पाहिले, तर कायद्याच्या तराजूतली आणखी एक विसंगती दिसते, जिच्यावर कुठलाच पक्ष फारसा बोलत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये येथील एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले, आणि औद्योगिक वसाहतीच्या इतिहासात अशी ती एकटी घटना नव्हे. हयगयीने मृत्यू घडवण्याच्या गुन्ह्याला दंडसंहितेच्या कलम ३०४ अ नुसार कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. भोपाळच्या वायुकांडात, हजारो मृत्यूंनंतर, २०१० मध्ये दोषींना याच कलमाखाली दोन वर्षांची शिक्षा झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली, आणि त्याच संहितेने मृत्युदंडाचा विस्तार अठरा वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्कारापर्यंत व झुंडबळीपर्यंत केला. ही संहिता संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केली होती. म्हणजे रायगडमध्ये ७ मे २०२४ ला मतदान झाले तेव्हा हा बदल कागदावर होता आणि त्याची अंमलबजावणी जेमतेम आठ आठवड्यांवर होती. वर्तमानातल्या धोरणावर मत मागण्याची याहून चांगली संधी क्वचितच येते. लोट्यात मात्र प्रचार चालला तो तटकरे आणि गीते यांच्यात, पक्ष कोणाचा आणि चिन्ह कोणाचे, या मुद्द्यावर.

याच रायगड मतदारसंघात, लोट्याच्या उत्तरेस मंडणगड तालुक्यात, आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव आहे. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, मृत्युदंड झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा की नाही, यावर वाद चालू असताना त्यांनी वेगळीच दिशा सुचवली: अपिलाची सोय करीत बसण्यापेक्षा मृत्युदंडच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे, कारण आचरणात कितीही उणीव असली तरी हा देश अहिंसेला नैतिक आदेश मानत आला आहे. सभेने तो प्रश्न पुढच्या संसदेवर सोडला. त्यानंतर निवडून आलेल्या एकाही लोकसभेने मृत्युदंड रद्द केलेला नाही; आंबडव्यात दर निवडणुकीला नेत्यांच्या गाड्या मात्र न चुकता येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच खेडवरून पुढे लोट्याच्या सभेला जातात.